ओहमचें गणित आणि मोटारींतील सबवूफर



गेल्या डिसेंबर महिन्यांत स्नेहसंमेलनाची तयारी चालू असतां एका सायंकाळीं आमचा एक माजी विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभा राहिला. दहावीची परीक्षा झाल्यावर त्यानें तालुक्याच्या गांवीं, मोटारींत रेडिओ, स्पीकर व दिवे बसवून देण्याच्या एका दुकानांत काम धरिलें आहे. त्याच्या हातांत टॉवेलांत गुंडाळलेली कांहींशी जड वस्तु होती. ती मेजावर ठेवून त्यानें टॉवेल सोडला, तों जळक्या वार्निसाचा वास खोलीभर पसरला. तो मोटारींतील अॅम्प्लिफायर होता; म्हणजे गाण्याच्या क्षीण विद्युत्संकेतास बळ देऊन स्पीकर हलविणारें यंत्र.

"सर, हा जळला कां, तें मला समजत नाहीं," तो म्हणाला. "याच्या खोक्यावर हजार वॅट लिहिलें होतें. सबवूफर पांचपांचशें वॅटांचे दोन. बेरीज बरोबर हजार होते. मग चुकलें कोठें?"

चौकशी करतां समजलें कीं, दुकानाच्या मालकांनीं यंत्राची किंमत त्याच्या पगारांतून कापून घेण्याचें ठरविलें होतें, आणि ती किंमत जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. ज्यांची गाडी होती ते गृहस्थ दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती नेण्यास येणार होते.

आम्हीं त्याच्या हातीं खडू दिला व जोडणी फळ्यावर काढावयास सांगितलें. त्यानें आकृति मोठी नीटनेटकी काढली. प्रत्येक सबवूफरांत दोन वेटोळीं, म्हणजे एकूण चार. चारही वेटोळ्यांचीं धन टोंकें एकत्र, चारही ऋण टोंकें एकत्र, आणि तेथून दोन तारा अॅम्प्लिफायरकडे.

"एकेक वेटोळें किती ओहमचें?" आम्हीं विचारलें.

"चार."

"मग हीं चार समांतर जोडलीं म्हणजे किती?"

तो क्षणभर थांबला. मग वर्गांत उभें राहून उत्तर द्यावें तशा आवाजांत म्हणाला, "एक ओहम, सर."

"आतां यंत्राच्या पाठीवर काय छापलें आहे तें वाच."

त्यानें यंत्र उलटें केलें. स्पीकरच्या तारा कसण्याच्या स्क्रूजवळ अगदीं बारीक अक्षरांत 'किमान २ ओहम' असें छापलेलें होतें. तो कांहीं बोलला नाहीं.

त्यास उत्तर येत होतें. हेंच गणित त्यानें कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच परीक्षेंत बिनचूक सोडविलें होतें व पूर्ण गुण मिळविले होते. आम्हीं तें लाकडी पट्टीवर बसविलेल्या रोधांच्या साह्यानें शिकविलें होतें. त्या पट्टीवरील रोध म्हणजेच उद्यां तुमच्या हातीं येणारा स्पीकर, विजेची शेगडी किंवा पंप होय, असें आम्हीं कधीं वर्गांत सांगितल्याचें आठवत नाहीं. तेव्हां दोष एकट्या त्याचाच होता असें म्हणवत नाहीं. ती उणीव थोडी भरून काढावी, व ज्या पालकांकडे मुलगे 'गाडींत सबवूफर बसवूं या' म्हणून हट्ट धरतात त्यांसही कांहीं उपयोगाचें सांगावें, म्हणून या अंकांत हा विषय घेतला आहे.

ज्याचें नांव या मापास मिळालें तो गेऑर्ग सायमन ओहम हा स्वतः शाळामास्तर होता. त्याचा जन्म १७८९ मध्यें जर्मनींतील एर्लांगेन येथें झाला. बाप कुलपें करणारा लोहार. त्यामुळें धातूचें काम करण्याची संवय मुलास घरांतच लागली. १८१७ पासून तो कोलोन येथील एका माध्यमिक शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि शाळेच्याच प्रयोगशाळेंत, स्वतः तयार केलेल्या उपकरणांनीं, निरनिराळ्या लांबीच्या तारांतून किती प्रवाह जातो हें मोजीत असे. प्रथम तो व्होल्टाच्या विद्युत्घटांचा उपयोग करी. पण त्यांचा दाब स्थिर राहीना. तेव्हां त्यानें तांबें व बिस्मथ यांचा सांधा एका टोंकास तापवून व दुसऱ्या टोंकास थंड ठेवून स्थिर दाब मिळविला, आणि मग आंकडे जुळूं लागले. त्याचा ग्रंथ १८२७ मध्यें प्रसिद्ध झाला. स्वदेशांत त्याचें फारसें कौतुक झालें नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ मध्यें त्यास कोप्ले पदक दिलें, तेव्हां लोकांचे डोळे उघडले.

त्याचा नियम तुम्हांस पाठ आहे: दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह मिळतो. त्यास आणखी एक पायरी जोडा. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ति, म्हणजेच वॅट. दोन्ही एकत्र केलीं कीं, दाबाच्या वर्गास रोधानें भागिलें असतां वॅट मिळतात. एवढ्या शिदोरीवर पुढील सर्व प्रवास होण्यासारखा आहे.

येथें एक गोष्ट प्रथमदर्शनीं उलटी वाटते, व पुष्कळांची चूक येथेंच होते. रोध कमी म्हणजे काम हलकें, असें मनास वाटतें. वास्तविक अॅम्प्लिफायर जो दाब उत्पन्न करतो तो बराचसा ठरलेला असतो; म्हणून पुढील रोध जितका कमी तितका प्रवाह अधिक, आणि प्रवाह अधिक म्हणजे यंत्रावरील ओझें अधिक. शेतकरी पालकांस हें विहिरीवरील पंपावरून लागलींच समजेल. पाणी उंच चढवावयाचें नाहीं आणि पाइपाचा वाल्व पुरता उघडा आहे, अशा वेळीं पाणी तर धो धो पडतें, पण मोटार जास्त वीज ओढते व तापते. वाट मोकळी झाली म्हणून मोटारीचे कष्ट कमी होत नाहींत. चार ओहमपेक्षां दोन ओहमचें ओझें दुप्पट, व एक ओहमचें चौपट, हें ध्यानांत धरावें.

आतां स्पीकरच्या बाबतींत 'रोध' न म्हणतां निराळा शब्द वापरतात. इंग्रजींत त्यास इंपीडन्स म्हणतात. आमच्या भाषेंत 'संरोध' असा शब्द आहे. हा इंग्रजी शब्द ऑलिव्हर हेविसाइड यानें १८८६ मध्यें रूढ केला. तो पूर्वीं तारखात्यांतील नोकर असून शाळेबाहेरील शिक्षण त्यानें आपलें आपणच केलें होतें. निराळ्या शब्दाची गरज अशासाठीं कीं, स्पीकरचें वेटोळें ही नुसती तार नव्हे. तें लोहचुंबकाच्या फटींत लोंबकळत असतें व त्यास कागदाचा शंकु चिकटविलेला असतो. प्रवाह वाहूं लागला कीं वेटोळें मागेंपुढें हलतें. आणि चुंबकाच्या क्षेत्रांत हलणारें वेटोळें स्वतःच उलट दिशेचा दाब उत्पन्न करतें. म्हणून तें हलत असतां येणाऱ्या प्रवाहास जो अडथळा होतो, तो तें स्तब्ध असतां होणाऱ्या अडथळ्यापेक्षां निराळा असतो, आणि तो कंपसंख्येप्रमाणें बदलतो.

हें आम्हीं गेल्या जानेवारींत आठवी-नववीच्या मुलांसमोर करून दाखविलें. संकेत-जनकाचें एक टोंक १०० ओहमच्या रोधांतून सबवूफरच्या एका वेटोळ्यास जोडलें, दाब एक व्होल्ट ठेविला, आणि वेटोळ्याच्या दोन टोंकांमधील दाब मिलिव्होल्ट दाखविणाऱ्या मीटरनें मोजीत कंपसंख्या हळूहळू वाढविली. बहुतेक ठिकाणीं मीटर ४० ते ५० मिलिव्होल्ट दाखवी; म्हणजे संरोध चार-पांच ओहम. पण सेकंदास तीसच्या आसपास कंपनें झालीं कीं मीटर एकदम २०० वर गेला. गणित करून पाहा: तेथें संरोध २५ ओहम होतो! त्या कंपसंख्येस शंकु आपल्या स्वाभाविक लयीनें डोलत असतो, थोडक्या प्रवाहांत पुष्कळ हलतो व उलट दाबही पुष्कळ उत्पन्न करतो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलास योग्य वेळीं दिलेला लहानसा धक्का पुरतो, तसेंच हें. मुलांस हा प्रयोग फार आवडला. शंकूवर आम्हीं थोडी रांगोळी टाकली होती. ती त्या वेळीं मेजावर उडाली, हेंही आवडण्याचें एक कारण असावें.

तेव्हां स्पीकरवर जे '४ ओहम' छापलेले असतात ते एक नाममात्र, सोयीचें माप होय. साध्या मीटरनें वेटोळें मोजिलें तर ३.२ ते ३.७ असें कांहीं तरी निघतें, आणि त्यावरून तें चार ओहमचें समजावें. कित्येक लोक असा युक्तिवाद करतात कीं, वाजत असतां संरोध वाढतोच, मग एक ओहम जोडला म्हणून काय बिघडलें? बिघडतें असें कीं, गाण्यांत एकच स्वर नसतो. संरोध ज्या स्वरास सर्वांत कमी असतो त्या स्वरासही यंत्रानें टिकलें पाहिजे. पूल बांधतांना रिकाम्या गाड्यांचा हिशेब कोणी करीत नाहीं.

वॅटांच्या बाबतींत खोक्यांवर जें लिहिलेलें असतें त्याविषयीं थोडें कडक बोलणें भाग आहे. गाडीच्या समोरच्या फळींत बसविलेल्या साध्या रेडिओवर '५० वॅट × ४' असें असतें. इंजिन चालू असतां गाडींत दाब सुमारें १४.४ व्होल्ट मिळतो. त्या रेडिओच्या आंतील अॅम्प्लिफायरला याहून जास्त दाब आणावा कोठून? लाटेचें शिखर १४.४ व्होल्ट धरलें तर तिचा परिणामी दाब १०.२ व्होल्ट, त्याचा वर्ग १०४, चार ओहमनीं भागिलें असतां २६ वॅट. आंतील भागांत कांहीं दाब वायां जातो, म्हणून हातीं येतात सुमारें वीस. मग पन्नास आले कोठून? १४.४ चा सरळ वर्ग करून चारनीं भागा, ५१.८ येतात. हें उत्तर गणित म्हणून खरें आहे, पण ज्या लाटेस तें लागू पडतें ती लाट चौकोनी, म्हणजे निव्वळ खरखर. तींत गाणें नसतें. मोठ्या अॅम्प्लिफायरच्या खोक्यावरील 'मॅक्स' हा शब्दही याच कुळांतला. त्याऐवजीं 'आर. एम. एस.' या अक्षरांपुढील आंकडा पाहावा. आणि तोही किती ओहमवर दिला आहे तें पाहावें. या गोंधळास आळा घालावा म्हणून अमेरिकेंत २००३ मध्यें एक प्रमाण ठरविण्यांत आलें. त्याप्रमाणें शक्ति १४.४ व्होल्टवर, चार ओहमवर, व विकृति शेंकडा एकच्या आंत ठेवून मोजावी लागते.

ज्या यंत्राची आम्ही गोष्ट सांगत आहों त्याच्या माहितीपत्रकांत, खोक्यावर नव्हे, असें होतें: चार ओहमवर ३०० वॅट, दोन ओहमवर ५०० वॅट. म्हणजे दोन ओहमवर त्याचा दाब ३१.६ व्होल्ट व प्रवाह १५.८ अॅम्पिअर. तोच दाब एक ओहमवर लावा: प्रवाह ३१.६ अॅम्पिअर, शक्ति एक हजार वॅट. खोक्यावर जे हजार वॅट मोठ्या अक्षरांत छापले होते, नेमके तेच त्या मुलानें नकळत यंत्राकडून मागितले, आणि यंत्र जळालें. प्रवाह दुप्पट झाला कीं आंतील ट्रान्झिस्टरांत होणारी उष्णता सुमारें चौपट होते. चांगल्या यंत्रांत अशा वेळीं आपोआप बंद पडण्याची सोय असते. या यंत्राचा तांबडा दिवाही दोनदां लागला होता. पण गाणें मध्येंच थांबलें म्हणून दोन्ही वेळां तें बंद करून पुन्हां चालू करण्यांत आलें होतें. तांबडा दिवा लागला म्हणजे यंत्र बिघडलें असें नसून, तें आपणांस कांहीं तरी सांगत आहे असें समजावयास हवें होतें.

आतां त्या चार वेटोळ्यांचें दुसरें काय करतां आलें असतें? एकसर जोडणींत ओहमांची बेरीज होते. समांतर जोडणींत दोन सारख्या रोधांचा निम्मा होतो. प्रत्येक सबवूफरचीं दोन वेटोळीं एकसर जोडलीं तर आठ. असे दोन आठ समांतर जोडले तर चार. चारही एकसर जोडलीं तर सोळा. चारही समांतर, तर एक. वहींत कितीही आकृत्या काढा. चारही वेटोळ्यांस सारखा वांटा द्यावयाचा असेल तर एक, चार व सोळा यांखेरीज चौथें उत्तर निघत नाहीं. दोन ओहम या संचांतून मिळणारच नव्हते! हें त्या मुलास आम्हीं फळ्यावर दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे चूक तारा जोडतांना नव्हे, माल मागवितांनाच झाली." आम्हांस त्याचें हें वाक्य फार मोलाचें वाटलें. प्रत्येकीं दोन ओहमचीं दोन वेटोळीं असलेले दोन सबवूफर मागविले असते, तर एकेकाचीं वेटोळीं एकसर जोडून चार, व दोन चार समांतर जोडून बरोबर दोन ओहम आले असते. किंवा चार-चार ओहमच्या वेटोळ्यांचा एकच सबवूफर घेतला असता, तर त्याचीं दोन वेटोळीं समांतर जोडूनही दोनच आले असते. दोन निरनिराळ्या जातींचे सबवूफर एका जोडणींत घालूं नयेत. एकावर जास्त भार पडतो, दुसरा आळशी राहतो.

"पण सर, चार ओहमवर तर तीनशेंच वॅट मिळतील," त्यानें विचारलें. "दोनशें वॅट बुडाले."

हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतो, म्हणून त्याचें उत्तर सविस्तर देतों. कान वॅट मोजीत नाहीं. आवाजाची पातळी डेसिबलमध्यें मोजतात, आणि शक्ति दुप्पट केली असतां ती केवळ तीन डेसिबलनीं वाढते. आवाज ऐकणारास दुप्पट वाटावा, तर सुमारें दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति लागते. पांचशें व तीनशें यांत अंतर किती? २.२ डेसिबल. गाडी रस्त्यावर धांवत असतां, कांचा उघड्या असतां, हें अंतर ओळखूं येणें कठीण. शिवाय एका ऐवजीं दोन सबवूफर जवळजवळ बसवून त्यांस तेवढीच एकूण शक्ति दिली, तर खालच्या स्वरांत तीन डेसिबल आयतेच मिळतात, कारण हवा ढकलणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणून एक सबवूफर ५०० वॅटांवर आणि तसेच दोन ३०० वॅटांवर, या दोहोंचा आवाज जवळजवळ सारखाच. जे अॅम्प्लिफायर जळले त्यांतील पुष्कळ असे दोन-तीन डेसिबलांसाठीं जळले आहेत.

पालकांसाठीं येथें दोन ओळी. आठ तास ८५ डेसिबल हें कानास सोसेल असें प्रमाण अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेनें ठरविलें आहे; पुढें दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा. या हिशेबानें १०० डेसिबलांस फक्त पंधरा मिनिटें. मोटारीच्या बंद पेटींत १०० डेसिबल होणें मुळींच अवघड नाहीं. आणि सेकंदास चाळीस कंपनांच्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला भिंत व खिडकी फारशी अडवीत नाहीं. म्हणून गाडींतील गाण्याचे शब्द शेजाऱ्यास ऐकूं आले नाहींत तरी धडधड मात्र त्याच्या उशापर्यंत पोंहोंचते. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली आहे.

दोन वाहिन्यांचा अॅम्प्लिफायर 'ब्रिज' करून एका सबवूफरास जोडण्याची चाल आहे. तींत एक गुप्त खड्डा आहे. दोन्ही वाहिन्या एकाच वेटोळ्यास उलटसुलट दिशांनीं ढकलतात. म्हणून प्रत्येकीस वेटोळें निम्म्या ओहमचें भासतें. चार ओहमचा स्पीकर ब्रिजवर लावला म्हणजे प्रत्येक वाहिनीपुढें दोनच ओहम. अशा यंत्रावर 'ब्रिज: किमान ४ ओहम' असें लिहिलेलें असतें, तें याच कारणानें.

त्या मुलाच्या कामांत दुसरी एक गोष्ट आम्हांस ओहमच्या चुकीपेक्षां अधिक भयंकर वाटली. बोलतां बोलतां त्यानें सांगितलें कीं, बॅटरीपासून डिकीपर्यंत त्यानें चार चौरस मिलिमीटरची तार सतरंजीखालून नेली होती व फ्यूज डिकींत, यंत्राजवळ बसविला होता. हिशेब पाहा. यंत्र ५०० वॅट देतें, आणि त्याची कार्यक्षमता शेंकडा ऐशीं धरली, तर तें बॅटरीकडून ६२५ वॅट घेतें. म्हणजे सुमारें ४५ अॅम्पिअर. पांच मीटर लांब व चार चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध ०.०२१५ ओहम. केवढीशी संख्या! पण ४५ च्या वर्गानें गुणा: तारेंत ४३ वॅट उष्णता. डाग लावण्याचें एखादें काविळें सतरंजीखालीं सतत तापत ठेवावें, तसा हा प्रकार. दाबही जवळजवळ एक व्होल्ट घटतो, तो निराळाच. बाजारांत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. तिचा रोध सुमारें दीडपट. या कामास सोळा चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची तार घातली तर उष्णता अकरा वॅटांवर येते.

फ्यूजची जागा तर जिवाशीं गांठ घालणारी. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठीं असतो असा समज आहे. हा फ्यूज मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. गाडी हादरतां हादरतां तारेचें आवरण पत्र्याच्या कडेवर घासून फाटलें व तार पत्र्यास लागली, तर बॅटरी क्षणांत शेंकडों अॅम्पिअर ओतते. फ्यूज जर डिकींत असेल, तर तो त्या प्रवाहाच्या वाटेवर नसतोच. तार लाल होऊन सतरंजी पेट घेते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून हातभराच्या आंत, सुमारें ४५ सेंटिमीटरच्या आंतच, असला पाहिजे. हें सांगतांना आमचा आवाज थोडा चढला असावा, कारण मुलगा टॉवेल पुन्हां पुन्हां घडी करूं लागला.

त्या रात्रीं तो आमचा मीटर मागून घेऊन गेला. दुकानांत तशाच जातीचा दुसरा अॅम्प्लिफायर शिल्लक होता. सकाळीं शाळा सुटल्यावर (शनिवार होता) आम्हीही तेथें गेलों. राहवलें नाहीं हें खरें. त्यानें प्रत्येक सबवूफरचीं वेटोळीं एकसर व मग दोन्ही सबवूफर समांतर जोडले होते. जाड तार घातली होती. फ्यूज बॅटरीजवळ आणला होता. यंत्रास जोडण्यापूर्वीं त्यानें दोन मोकळ्या टोंकांवर मीटर लावला: ३.४ ओहम. त्यानें आमच्याकडे पाहिलें व मगच स्क्रू कसले.

राहिला होता 'गेन'चा लहानसा खुंटा. हा खुंटा आवाज वाढविण्यासाठीं आहे असें बहुतेकांस वाटतें, म्हणून तो पुरता फिरवून ठेवतात. तसें केलें म्हणजे रेडिओचा आवाज थोडा वाढवितांच अॅम्प्लिफायर आपल्या दाबाच्या मर्यादेस जाऊन आदळतो, लाटांचीं शिखरें कापलीं जातात व गोल लाट चौकोनी होऊं लागते. तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेंत गोल लाटेच्या दुप्पट शक्ति असते. म्हणून लहान अॅम्प्लिफायरनेंही मोठ्या सबवूफरचें वेटोळें जळूं शकतें. खुंटा लावण्याची साधी रीत अशी. तीनशें वॅटांस चार ओहमनीं गुणावें: १२००. त्याचें वर्गमूळ ३४.६. सबवूफरच्या तारा सोडाव्या, सेकंदास पन्नास कंपनांचा शुद्ध स्वर वाजवावा, रेडिओचा आवाज पाऊणपर्यंत न्यावा, आणि मीटर ३४.६ व्होल्ट दाखवीपर्यंत खुंटा हळूहळू फिरवावा. तेथें थांबावें. मुलानें वर्गमूळ मोबाइलवर काढलें. आमच्या मतें तें कागदावर काढतां आलें असतें, पण तो वाद त्या वेळीं काढला नाहीं.

दुपारीं गाडीचे मालक आले. आंत बसून त्यांनीं दोन गाणीं ऐकलीं, आवाज स्वच्छ झाल्यासारखा वाटतो असें म्हणाले, आणि पैसे देऊन गेले. दुकानाच्या मालकांनीं जळक्या यंत्राची किंमत माफ केली नाहीं. मात्र ती चार हप्त्यांनीं घेण्याचें कबूल केलें. आतां त्या दुकानांत सबवूफर मागविण्यापूर्वीं चिठ्ठीवर वॅटांच्या आधीं ओहम लिहितात, असें मुलगा सांगतो.

जळका अॅम्प्लिफायर त्यानें आम्हांस देऊन टाकला. तो प्रयोगशाळेच्या कपाटांत, लाकडी पट्टीवरील रोधांच्या शेजारीं, पाठ पुढें करून ठेविला आहे. यंदाच्या सहामाही परीक्षेंत आम्हीं प्रश्न घातला: चार ओहमचीं चार वेटोळीं समांतर जोडल्यास एकूण ओहम किती, आणि ज्या यंत्रावर 'किमान २ ओहम' असें लिहिलें आहे त्यास ही जोडणी चालेल काय, कारण द्या. पहिला भाग जवळजवळ सर्वांनीं बरोबर सोडविला. दुसरा पुष्कळांनीं कोरा ठेविला होता.